फाइल गट नंबरानंच लाव

भाऊ, दूषित जागेची फाइल कंपनीच्या नावानं लावू नको, गट नंबरानं लाव. कंपनीचं नाव बदलतं, मालक बदलतो. सातबाऱ्यावरची जमीन तिथंच राहते. मग विहिरी-बोअरच्या पाण्याचे अहवाल, तारखेच्या क्रमानं. नमुना कोणत्या विहिरीतला हे लिहिलेलं नसलं तर पुढं तुलनाच करता येत नाही.

तिथली दूषित माती उचलून बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्राला गेली की घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतलं मॅनिफेस्ट, म्हणजे मालासोबत जाणारा कागद, नमुना १०, लागतंच. पाठवणाऱ्याची पिवळी प्रत आणि घेणाऱ्याकडून आलेली निळी, दोन्हींवरचं वजन ताडून बघ. निळी आली नसेल तर फाइल अजिबात बंद करू नको. माल खरंच तिथं उतरला याचा पुरावा तीच.

आणि गावकऱ्यांचे तक्रारअर्ज वेगळ्या गठ्ठ्यात टाकू नको. पाणी कधीपासून बिघडलं, हे बरेचदा त्यातच सापडतं.