पैसे यायच्या आधी

प्रिय दोस्ता,

तुझी गाणी ऐकली. दुसऱ्यात गिटारने गायकाला पार गाडलंय, मिक्सिंग पुन्हा करून घे. तू विचारतोस, बारमध्ये कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवली तर आपण विकले गेलो का?

अरे, त्यात बाटण्यासारखं काही नाही. मुंबईचा रॉक मशीन हा बँड १९८४ साली सुरू झाला तो इतरांची गाणी वाजवतच. स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला १९८८ मध्ये. पुढे तोच बँड इंडस क्रीड झाला. त्या पिढीला धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह होतं. शांतता क्षेत्राच्या नियमांपायी तिथले कार्यक्रम कधीच थांबले. तुमच्या वाट्याला बार आणि कॉलेजचे फेस्ट. उघड्या मैदानात रात्री दहाला स्पीकर बंद, आणि सगळं उशिरा सुरू झालं की कात्री लागते ती शेवटच्या बँडला. तेव्हा संध्याकाळचा स्लॉट मिळाला तर तोंड वाकडं करू नकोस.

जॅमरूमचं, म्हणजे सरावाच्या खोलीचं, भाडं तासावर असतं. आपापला भाग घरी बसवून या, तिथे फक्त एकत्र वाजवा. केबल स्वतःची न्या, जादा तारांचा सेटही.

मला खरी काळजी दुसरीच आहे. गाणं नक्की कोणाचं, हे तुम्ही कुठे लिहून ठेवलंय का? चाल तुझी, शब्द गायकाचे, पण लोक ज्यावर उड्या मारतात तो ठेका ड्रमरने बसवलेला. त्याचा वाटा तुम्ही आपसांत ठरवलात तरच त्याला मिळणार. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून देता येत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचे सभासद झालात तर रॉयल्टीची वसुली ती करते. पण गाणं नोंदवताना कोणाचे किती टक्के, ते भरावं लागतं. आज कोणाच्याच हाती काही नाही, म्हणून हे हसतखेळत ठरेल. गाणं जाहिरातीत गेल्यावर बोलायला बसलात तर बँड फुटलाच म्हणून समज. बाहेर मात्र ‘सांगीतिक मतभेद’ असंच सांगतात! साधा ईमेल कर, चौघांचा लेखी होकार घे, सुरुवातीला तेवढंही पुरे.

नोकरी सोडायचं म्हणतोस. आत्ता नको. रेकॉर्डिंगचं बिल पगारातूनच भागणार आहे.

शनिवारी जॅमरूमवर येतो. ड्रमरला मुद्दाम थांबवून ठेव. पैशाचा विषय निघाला की तो सिगारेट ओढायला बाहेर सटकतो.

तुझा,
काका