चेहरा ओळखता येत नाही, तरी त्यावरचा भाव कसा कळतो?

आपण लिहिता की, पक्षाघातानंतर आपल्या वडिलांना घरच्यांचे चेहरे ओळखता येत नाहीत, मात्र समोरचा माणूस हिरमुसला की ते लगेच ‘काय झाले?’ असे विचारतात, आणि त्यामुळे ते सोंग करत असावेत अशी शंका घरात घेतली जाते. माझ्या मते ही शंका त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

चेहरा एकच असला तरी मेंदू त्यातून दोन वेगळ्या गोष्टी वाचत असतो. समोरची व्यक्ती कोण हे जबड्याची घडण, नाकाची ठेवण, डोळ्यांमधले अंतर अशा सहसा न बदलणाऱ्या खुणांवरून ठरते, तर भाव कळतो तो भुवया, पापण्या आणि ओठ यांच्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या हालचालींवरून. या दोन वाटा स्वतंत्र असाव्यात अशी मांडणी व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये केली. पुढे मेंदूच्या चित्रणातून असे दिसले की, ओळख पटवण्यात मेंदूच्या तळाकडील फ्युझिफॉर्म भागाचा, तर हावभाव वाचण्यात कानाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लांबट खाचेलगतच्या भागाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे पहिल्याला इजा होऊन दुसरा शाबूत राहिला, तर आपण सांगता तसे घडू शकते. चेहरे ओळखता न येण्याच्या या विकाराला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात.

याच्या उलट उदाहरणही आहे. एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका स्त्रीच्या मेंदूतील अमिग्डाला हा भीतीसारख्या भावनांशी निगडित भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला होता. तिला परिचित माणसे ओळखता येत, पण चेहऱ्यावरची भीती कळत नसे. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे फारसे पाहतच नाही, असे पुढे लक्षात आले, आणि मुद्दाम डोळ्यांकडे पाहायला सांगितल्यावर तिला तीच भीती ओळखता येऊ लागली.

अर्थात या दोन वाटांमध्ये भिंत नाही. चेहरे न ओळखणाऱ्या अनेक रुग्णांना हावभाव वाचणेही काही प्रमाणात जड जाते, म्हणून आपल्या वडिलांना सूक्ष्म भाव कळले नाहीत, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते वेगळेच. डॅनिअल ट्रॅनेल आणि अँटोनिओ दमासिओ यांनी १९८५ मध्ये अशा दोन रुग्णांना परिचित आणि अपरिचित चेहरे दाखवून त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे भावना चाळवल्यावर घामामुळे नकळत वाढणारी तिची वीज वाहण्याची क्षमता, मोजली. ‘हे कोण, माहीत नाही’ असे रुग्ण सांगत होते, पण परिचित चेहरा दिसताच त्वचेचा प्रतिसाद वाढत होता. म्हणजे आपल्याला पाहून वडील परक्यासारखे वागले, तरी त्यांच्या शरीराला आपली ओळख पटत असणे शक्य आहे.

तेव्हा ‘ओळखा पाहू, मी कोण?’ अशी परीक्षा घेणे घरच्यांनी कृपया थांबवावे. खोलीत शिरताना आधी बोलावे, स्वतःचे नाव सांगावे. आवाजावरून बहुधा त्यांना लगेच कळेल.