स्वतःला आहे तसं स्वीकारलं, तर मग तब्येत सुधारायची कशाला?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वय ३६, वजन ७८ किलो, तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (एचबीए१सी) ६.१. दर सोमवारी नवं काहीतरी ठरवता, आठ दिवसांत ते मोडतं, मग आरशासमोर उभं राहायचीही चीड येते. त्यात जो तो सांगतो, कृतज्ञ राहा, स्वतःला स्वीकारा. तुमचं म्हणणं असं की स्वीकारलंच, तर बदलायचं कशाला? आणि खेड्यात हे जमवायचं कसं?

मी डॉक्टर नाही. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात माझी आटाचक्की आहे. वय ४७, शुगरची गोळी पाच वर्षांपासून चालू. आत्ता लाईन गेली आहे, म्हणून सवडीनं लिहितो.

चक्कीवाल्याच्या घरी काटा असतोच. पण २०२१ च्या दिवाळीपर्यंत मी त्यावर कधी चढलो नव्हतो. एका दुपारी कोणी नाही असं पाहून दळणाच्या काट्यावर उभा राहिलो. ९६ किलो. तालुक्याच्या लॅबमधून तीच तीन महिन्यांची शुगर आली ९.१. एका डॉक्टरांनी पोटाकडे बोट दाखवून कंपाउंडरसमोर जे बोलायचं ते बोलून घेतलं. घरी येईपर्यंत मी स्वतःला जे बोललो, ते कोणी आपल्या ढोरालाही बोलत नाही.

मग सुरू झाला पराक्रम. भाकर बंद, भात बंद, उकडलेली भाजी, सकाळी दोन तास चालणं. नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी चुलतभावाच्या पोराच्या लग्नात पंगतीत बुंदी वाढली. एक वाटी खाल्ली आणि मनात आलं, गेलं सगळं मुसळ केरात. मग दुसरी वाटी, मांडवामागे तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि पुढचे सहा महिने काहीच नाही. तुमचे सोमवार मला नवे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात गावची आशाताई घरोघरी तिशीवरच्या लोकांचे तब्येतीचे फॉर्म भरत होती. "भाऊ, हात वर करा," म्हणून कमरेला टेप लावला. १०६ सेंटीमीटर. पुरुषांना ९० आणि बायांना ८० च्या आत बरं, असं ती म्हणाली. तंबाखू, दारू, चालणं, घरात कोणाला शुगर, हे सगळं विचारून झाल्यावर शेवटी एक प्रश्न आला: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटलं का? मी हसलो. "आपल्याले काय होते बाप्पा!" तिनं 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या घरी गेली. ते खोटं होतं. पोट दिसू नये म्हणून मी वर्षभर घरातही सैल सदरा घालून झोपत होतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं ते पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला. तुम्हाला माहीतच असेल. वर्षभर जू वाहून बैलाच्या खांद्यावर गाठ येते, कातडी राठ होते. त्या संध्याकाळी तिथं हळद-तूप चोळून शेकतात आणि बैलाच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." माझा थोरला भाऊ त्याच्या म्हाताऱ्या बैलाचा खांदा चोळत होता. अगदी हलक्या हातानं, गाठीच्या कडेकडेनं. बैल डोळे मिटून उभा. भाऊ मला म्हणाला, "याच्याच्यानं आता डवरणच होते, नांगरटी नाही होत. औंदा नांगरटीले ट्रॅक्टर सांगतो."

बैल म्हातारा आहे, हे त्यानं मान्य केलं होतं. म्हणून काम थांबलं नाही, उलट कोणतं काम कोणाकडून करून घ्यायचं ते ठरलं. बैलाला शिव्या देऊन तो तरणा होत नाही, आणि तो तरणाच आहे असं धरून नांगराला जुंपला तर शेतातच बसतो. मी नेमकं हेच करत होतो. वीस वर्षं चक्कीवर उभं राहिलेल्या ९६ किलोच्या माणसाला पंचवीस वर्षांच्या पोरासारखं जुंपायचं, आणि तो बसला की कोरडे ओढायचे.

त्या रात्री वाटीत उरलेलं हळद-तूप मी माझ्या गुडघ्यांना लावलं. बायको म्हणाली, "आता तुमाले बी झूल टाकू का?" हसली ती, पण दुसऱ्या दिवशी वाटी तिनं खाटेजवळच ठेवली. हळद-तुपानं गुडघा बरा होतो असं माझं म्हणणं नाही. स्वतःच्या अंगाला राग न धरता हात लावायची वर्षानंतरची ती पहिली वेळ होती, एवढंच.

आता कृतज्ञता. हा शब्द आमच्याकडे फक्त निरोप समारंभात ऐकू येतो. माझी भाची नर्सिंग शिकते, तिनं डोक्यात भरवलं. अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास छापला होता. त्यात काही विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांचे आभार मानावेत अशा पाचेक गोष्टी लिहायला लावल्या. ज्यांना कटकटी लिहायला लावल्या होत्या त्यांच्यापेक्षा या पोरांनी व्यायाम जास्त केल्याचं सांगितलं. सांगितलं, हं. काट्यावर कोणी मोजला नाही. तरी म्हटलं, वही काही महाग नाही.

वही उधारीचीच घेतली. पुढून लोकांकडचं येणं असतं, मी मागच्या पानापासून माझं देणं लिहायला लागलो. पहिले तीन दिवस आई, बायको, पाऊस, पांडुरंग. चौथ्या दिवशी पाढे म्हटल्यासारखं वाटायला लागलं. मग मोठी माणसं आणि देव सोडले आणि बारीक लिहू लागलो. 'डावा गुडघा: ४१ डबे उचलले, कुरकूर नाही.' 'शेजारची वहिनी: चिवळीची भाजी दिली, तीही निवडून.' ज्यानं ती बारीक पानांची चिवळ निवडली आहे त्यालाच हे देणं किती मोठं ते कळेल. 'रात्री एकदाच उठलो.' शुगर चढली की रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं, त्यामुळे अखंड झोप ही माझ्या वहीतली मोठी रक्कम आहे. असं लिहिल्यानं झालं काय, तर अंगातला कोणता भाग मला काय देतो याचा हिशेब दिसायला लागला. दिसल्यावर त्याची काळजी घ्यावीशी वाटते. रोज लिहीत नाही. आठवड्यातून दोनदा, कधी महिनाभर नाहीच.

एक मात्र सांगतो. कापसाला भाव मिळाला नाही, घरातला पुरुष पिऊन येतो, सासू ताटात डोकावते, याचे आभार मानायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. देणं वेगळं आणि नुकसान वेगळं. दोन्ही एकाच पानावर मांडलं की हिशेब चुकतो.

खाण्यात सगळ्यात मोठा चोर चहा निघाला. चक्कीवर बसलं की येणारा-जाणारा चहा सांगतो. एक दिवस मोजले, आठ कप. दर कपात दोन चमचे. सोळा चमचे साखर काट्यावर टाकली, ८० ग्रॅम भरली. महिन्याची झाली २ किलो ४०० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घेतलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा, २५ पर्यंत आणली तर उत्तमच. मी तीन कपांवर आलो, एकेक चमचा. तोंड आठ-दहा दिवस वाकडं झालं, मग सवय पडली.

ज्वारीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण चक्कीवाला ते सांगितल्याशिवाय राहत नाही. पूर्वी माझ्याकडे दहा डब्यांत सहा-सात ज्वारीचे असायचे. सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आले, उरलीसुरली ज्वारी पाखरं आणि रानडुकरं ठेवत नाहीत म्हणून लोकांनी पेराच सोडला. आता दहांत दोन डबे. मी घरात पुन्हा भाकर सुरू केली. मात्र ज्वारी म्हणजे औषध नव्हे, तिच्यातही पिष्ट भरपूर असतं, चार भाकरी हाणल्या तर शुगर चढणारच. फायदा असा की तीन-चार पोळ्यांनी जे पोट भरायचं ते दीड भाकर, वाटीभर वरण आणि अंबाडीच्या भाजीनं भरतं. पीठ ताजं घ्या. जुन्या पिठाची भाकर थापताना कडेला फुटते, मग सुनेचा हात वाईट म्हणून बोलणी तिला बसतात.

चालण्याचं खेड्यात अवघड आहे, खरं आहे. शहरात चालणाऱ्याकडे कोणी बघत नाही. आमच्याकडे पायी निघालं की दर दोन मिनिटाला गाडी थांबते. "काहून पायी भाऊ? पेट्रोल सरलं का? बसा नं." नाही म्हटलं तर गावभर होते, चक्कीवाल्याचं डोकं फिरलं. बायकांना तर जास्तच, काम नाही का घरी म्हणतात. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे हातात विळा धरायचा. विळा असला की कोणी काही विचारत नाही, माणूस वावरात चालला. माझी बायको आणि शेजारच्या दोघी संध्याकाळी माता मंदिराला जातात, आणि जाताना मुद्दाम लांबची पांदण धरतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी जेवणानं चढणारी शुगर कमी चढते, तेवढं तर अंगणातही होतं.

खर्रा. हे लाजेचं आहे, पण सांगतो. दिवसाला चार, अठरा वर्षं. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून. तोंडात तीन बोटं उभी जायला पाहिजेत, माझी दोनच जातात. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुपारीनं गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ झाली आहे, ती आपोआप पहिल्यासारखी होणार नाही. सोडलं तर पुढचं वाचेल, आणि कॅन्सरचा धोका आहे म्हणून दाखवत राहा. ठेचा आता मला खाता येत नाही, जीव जातो नुसता. वऱ्हाडात राहून ठेचा नाही, हे स्वीकारणं मला ९६ किलोपेक्षा जड गेलं. १८००-११-२३५६ या तंबाखू सोडवण्याच्या फुकट नंबरावर मी बोललो. पहिले तीन दिवस वाईट, मग हळूहळू उतरतं, असं त्या पोरीनं सांगितलं आणि तसंच झालं.

सात महिन्यांनी एका तेरवीला पुन्हा एक खर्रा खाल्ला. पण त्या वेळी 'गेलं सगळं' असं म्हटलं नाही. वहीत लिहिलं: 'तेरवी, एक.' दुसरा खाल्ला नाही. बुंदीच्या दुसऱ्या वाटीची आणि या न खाल्लेल्या दुसऱ्या खर्ऱ्याची तुलना तुम्हीच करा. तुम्ही विचारता ते स्वीकारणं मला तिथं कळलं, पुस्तकात नाही. आठ दिवसांत मोडतं म्हणता ना, मोडू द्या. नवव्या दिवशी काय करता ते मला महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी पुढच्या सोमवारची वाट बघू नका.

आता तुमचे आकडे. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५ पासून मधुमेह धरतात. अमेरिकेत अशाच काठावरच्या तीन हजारांवर लोकांचा अभ्यास २००२ साली छापून आला होता. ज्यांना ७ टक्के वजन उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायला लावलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिलेल्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ७८ चे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. लहान डब्यातलं एक दळण. लग्नाच्या फोटोतल्या ५२ किलोवर परत जायची गरज नाही. मी स्वतः ९६ वरून ८७ वर आलो आणि दोन वर्षं तिथंच अडकलोय. शुगर ६.९ पर्यंत उतरली होती, गेल्या वेळी ७.३ आली. गोळी सोडलेली नाही. कोणी काढा देऊन गोळी सोडायला सांगितलं तर ऐकू नका.

आणखी एक गोष्ट, आपल्या भागात ही फार कामाची आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल किंवा रक्त कमी असेल, तर ही तीन महिन्यांची तपासणी चुकीचा आकडा दाखवू शकते. विदर्भात सिकलसेल किती आहे ते तुम्ही जाणताच. तपासणी झाली नसेल तर उपकेंद्रात विचारा, हिमोग्लोबिन पाहा, आणि उपाशीपोटी व जेवणानंतरची शुगरही एकदा करून घ्या. नाहीतर ज्या आकड्यावरून स्वतःला कोसताय, तोच खोटा निघायचा.

आरशाचा तिटकारा फार वाढला, जेवण-झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर १४४१६ वर फोन करा. टेलीमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. आशाताईच्या त्या शेवटच्या प्रश्नाला माझ्यासारखं हसून उत्तर देऊ नका.

लाईन आली, बाहेर डबे लागलेत. आणि विळा घेतलाच तर जुना, बोथट घ्या. माझ्या अंगठ्याला दोन टाके आहेत.