साडेसहाचं कर्ज आणि सातची एफडी

प्रश्न: वय ३४, पुण्यात खासगी नोकरी, पगार हातात ५८,०००, घरखर्च ३५,०००. घरी पत्नी, सहा वर्षांची मुलगी आणि आई. पहिलीच गाडी; वॅगनआर घ्यायचं ठरलं आहे. पेट्रोल ऑनरोड ६.५० लाख, सीएनजी ७.३५ लाख (एक्स-शोरूम ६.४०). ऑफिसला जाऊन-येऊन १८ किलोमीटर, महिन्यातून एकदा साताऱ्याला गावी. सीएनजी घेऊ की पेट्रोल? शोरूमने सीएनजीचं कोटेशन दिलं आहे: गाडी ७.३५ लाख, ॲक्सेसरीज व वाढीव वॉरंटी ४०,०००, कर्जसुरक्षा पॉलिसी ३५,०००. मी १.१० लाख भरणार, बाकी ७ लाख कर्ज, साडेसहा टक्के फ्लॅट, सात वर्षं, हप्ता १२,१२५. बँक ९ टक्के सांगते म्हणून हेच घेतोय. ५ लाखांच्या एफडीवर ७ टक्के मिळतात, म्हणून ती मोडत नाही. कर्ज भरून वर अर्धा टक्का सुटतोच. आयुर्विमा वेगळा नाही, पण कर्जसुरक्षा मिळतेय. पाच वर्षांनी गाडीचे पाच लाख येतील असं सेल्समन म्हणाला.

उत्तर: सही करायच्या आधी लिहिलंत, हे फार बरं केलंत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी देतो.

तुमचं फिरणं महिन्याला ७०० किलोमीटर, वर्षाला ८,४००. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. कंपनीचे ॲव्हरेजचे आकडे २४.३५ आणि ३४.०५ आहेत, पण शहरात एसी लावून, सिग्नलला थांबत पेट्रोलवर १७ आणि सीएनजीवर २४ मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ६.२० आणि सीएनजीचे ३.७५ रुपये. वर्षाला २०,००० वाचतात. सीएनजीची जादा देखभाल वजा करा, साडेसतरा हजार राहतात. जादा दिलेले ८५,००० वसूल व्हायला पाच वर्षं, आणि तेही कर्जाने घेतले तर आणखी पुढे. रोज साठ किलोमीटर चालवणाऱ्याचे हेच पैसे दोन वर्षांत सुटतात. तुमच्यासाठी पेट्रोल.

सीएनजीची ही जादा देखभाल म्हणजे काय, तेही सांगतो. स्पार्क प्लग लवकर बदलावे लागतात. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नाहीतर पंपावर गॅस नाकारतात. पेट्रोलची टाकीही रिकामी ठेवून चालत नाही: आतला पंप पेट्रोलमध्येच थंड राहतो, म्हणून पाव टाकी कायम हवी, आणि आठवड्यातून काही किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवायची, म्हणजे इंजेक्टर चिकटत नाहीत. डिकी तर जातेच. ३४१ लिटरची डिकी हा या गाडीचा मोठा गुण, आणि साठ लिटरची टाकी नेमकी तिथेच बसते. पंपावर दाब नेहमी पुरेसा नसतो, त्यामुळे प्रत्यक्षात आठ किलोच्या आसपास गॅस भरला जातो. साताऱ्याची फेरी २२० किलोमीटर, म्हणजे वाटेत एकदा रांग आलीच. एक लिटरच्या या इंजिनाची ताकद पेट्रोलवर ६७ पीएस (अश्वशक्तीचं माप) आणि गॅसवर ५७. चार माणसं, सामान आणि एसी घेऊन घाट चढताना हे दहा पीएस कमी पडलेले कळतात.

गाडी म्हणून निवड वाईट नाही. आसन उंच, त्यामुळे आईंना न वाकता बसता-उतरता येईल. काचा मोठ्या, गल्लीत वळवायला सोपी, सर्व्हिस गावोगाव. उंची हाच दोषही आहे: हायवेला बाजूचा वारा लागला की गाडी डुलते. गाड्या आदळून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०२३च्या चाचणीत हिला प्रौढांसाठी एकच तारा मिळाला होता आणि सांगाडा अस्थिर ठरला होता. तेव्हा दोन एअरबॅग होत्या, आता सहा येतात, पण एअरबॅग वाढल्याने सांगाडा बदलत नाही. मुलीला मागच्या सीटवर बूस्टरमध्ये, म्हणजे मुलांच्या उंच बैठकीत बसवा, पट्टा लावूनच. ॲक्सेसरीजच्या पैशांतून घ्यायची वस्तू हीच.

आता जे विचारलं नाहीत त्याबद्दल, कारण पैसे तिथे चालले आहेत.

तुमचं कर्ज साडेसहा टक्क्यांचं नाही. फ्लॅट व्याज म्हणजे पहिल्या दिवशीच्या ७ लाखांवर सातही वर्षं व्याज, तुम्ही कितीही फेडलेलं असो. ७ लाखांचे साडेसहा टक्के ४५,५००, गुणिले सात, ३,१८,५००. शेवटचा हप्ता बघा: तेव्हा तुमच्याकडे जेमतेम बारा हजार मुद्दल बाकी असेल, आणि फ्लॅटच्या हिशेबाने त्या महिन्याचं व्याज ३,७९० रुपये लागलेलं असेल. बँक जे ९ टक्के सांगते ते घटत्या बाकीवर असतात. त्याच मापाने तुमचं हे कर्ज जवळपास साडेअकरा टक्क्यांचं आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, एक्सेलमध्ये रेटचं सूत्र लावून बघा: ८४ हप्ते, उणे १२,१२५, ७,००,०००, आणि येईल त्याला बाराने गुणा.

म्हणजे सात टक्के कमावणारी एफडी जपण्यासाठी तुम्ही साडेअकरा टक्क्यांनी कर्ज काढताय. अर्धा टक्का सुटत नाही, साडेचार टक्के जातात. 'एफडी सात, कर्ज साडेसहा' हे वाक्य शोरूममध्ये ऐकवलं जातं आणि शिकलीसवरलेली माणसं त्याला मान डोलावतात, याची मला खरोखर चीड येते. दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवून दाखवायचे आणि गिऱ्हाईक फसलं की त्याला 'स्कीम' म्हणायचं.

सात वर्षांच्या मुदतीत आणखी एक खड्डा आहे. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची घटती किंमत देते, कर्जाची बाकी नाही. तीन वर्षं उलटली की आयडीव्हीवर ४० टक्के घसारा धरतात, एक्स-शोरूम ६.४० लाखांचे ३.८४ होतात. त्याच दिवशी कर्जाची बाकी ४.६५ लाख. गाडी नाही, आणि ८१,००० देणं अंगावर.

त्यात कर्जसुरक्षा पॉलिसी. ३५,००० एकरकमी, तेही कर्जातच मिळवलेले, म्हणजे सात वर्षांत ५१,००० पडतात. एवढं देऊन संरक्षण कशाचं? ७ लाखांचं, तेही दर महिन्याला घटणारं, आणि पैसे जाणार कर्ज देणाऱ्याकडे. घरच्यांना त्यातून रुपया नाही. तीन जणांचं घर तुमच्या पगारावर चालत असेल तर तुम्हाला एक कोटीचा शुद्ध टर्म विमा हवा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा. निर्व्यसनी माणसाला या वयात तो वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून त्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. गाडीच्या आधी हा घ्या. कर्जासाठी ही पॉलिसी सक्तीची आहे असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा.

आता आकडे नव्याने मांडू. पेट्रोलची गाडी ६.५० लाख. तुमचे १.१० लाख आणि एफडीतले २.४० लाख भरा. उरलेले ३ लाख बँकेकडून ९ टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी. हप्ता ९,५४०, एकूण व्याज ४३,४००. कुठे ३,१८,५०० आणि कुठे हे. सीएनजीवरच मन असेल तरी कर्ज ३.८५ लाखांचं होईल आणि हप्ता १२,२४०. म्हणजे शोरूमवाले सात वर्षं घेणार होते जवळपास तोच हप्ता तुम्ही तीन वर्षं भरता आणि मोकळे होता.

एफडी मोडल्याने नुकसान होतं का, तेही तपासलं. ते २.४० लाख सात वर्षं तसेच राहिले तर ३.९० लाख होतील. तीन वर्षांत कर्ज संपवून पुढची चार वर्षं १२,१२५ रुपयांचं आवर्ती खातं सात टक्क्यांनी चालवलंत तर हातात ६.७० लाख. यात ॲक्सेसरीज आणि पॉलिसी वगळल्याचा वाटा आहे, पण बराचसा फरक व्याजाचाच.

एफडीत मागे २.६० लाख राहतात, म्हणजे सात महिन्यांचा घरखर्च. त्याला हात लावायचा नाही. ५ लाखांची एकच पावती असेल तर बँक बहुधा अर्धवट मोडू देणार नाही. पूर्ण मोडा, अर्धा-एक टक्का दंड जाईल तो जाऊ द्या, आणि २.६० लाखांच्या तीन पावत्या करा, म्हणजे पुढे गरज पडली तर एकच मोडावी लागेल.

आणि पाच वर्षांनी पाच लाख हे विसरा. साडेसहा लाखांतले लाखभर वाहनकर, नोंदणी आणि विम्याचे आहेत, ते पहिल्या दिवशीच गेले. गाडी नीट ठेवलीत तर निम्मे धरून चाला. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरते. २०२५च्या सप्टेंबरात छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला तेव्हा जुनी गाडी विकायला निघालेल्यांना ते कळलं. चालवायचा खर्चही महिन्याला सहा हजार धरा: चार-साडेचार इंधन, बाकी सर्व्हिस, टायर आणि पुढच्या वर्षांचा विमा.

शोरूममध्ये जाल तेव्हा विम्याचं कोटेशन बाहेरूनही घेऊन जा. त्यांच्याकडूनच घ्यायचं बंधन नाही. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी जोड, मात्र घ्या, कारण साध्या पॉलिसीत बंपरसारख्या प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात आणि छोट्या गाडीला पहिला ठोका बंपरलाच बसतो. बँकेत सही करण्याआधी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' मागा. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांना ते सक्तीचं केलं आहे. त्यात वार्षिक एकूण दर, म्हणजे एपीआर लिहिलेला असतो, प्रक्रिया शुल्क आणि विम्यासह. तो आकडा ९च्या जवळ असला पाहिजे. दहाच्या वर दिसला तर काहीतरी आत घुसवलं आहे. कोणती ओळ ते बोट ठेवून विचारा. मुदतीआधी फेडल्यास किती दंड, तेही त्याच कागदावर बघा.

हप्ते संपले की बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा लगेच उतरवून घ्या. दाखल्याला मुदत असते, आणि बोजा तसाच राहिलेली गाडी विकताना अडते.