फिटनेस असलेली स्लीपर बस सुरक्षित समजायची का?

ताई, तुमचा मुलगा दर महिन्याला पुणे-नागपूर स्लीपरनं ये-जा करतो, बसचं फिटनेस, म्हणजे आरटीओचा तपासणी दाखला, ऑनलाइन वैध दिसतं, मग काळजी नको ना, असं तुम्ही विचारलंय. काळजी घ्यायला हवी. मी 14 वर्षं बस बॉडीच्या कारखान्यात वेल्डिंगला होतो, तिथं पाहिलेलंच सांगतो.

ट्रॅव्हल्सची बस बहुतेक वेळा एका हातची नसते. कंपनीकडून चासी, म्हणजे इंजिन-चाकांसकट खालचा सांगाडा येतो, वरची बॉडी दुसराच कुणी बांधतो. नियम नाहीत असं नाही. बस बॉडीसाठी एआयएस-052 हे सरकारी मानक आहे, स्लीपरसाठी एआयएस-119. आपत्कालीन दरवाजे, मधली वाट, सगळं त्यात आहे. पण मंजुरी मिळते नमुन्याला, आणि पुढची प्रत्येक गाडी तशीच निघते का, हे आमच्याकडे येऊन कुणी पाहिल्याचं मला आठवत नाही. ‘पासिंगपुरतं’, म्हणजे आरटीओच्या तपासणीपुरतं, हा आमचा रोजचा शब्द होता. पासिंगला दरवाजा मोकळा, आणि आठवड्यानं तीच बस परत यायची, त्याच दरवाजासमोर दोन बर्थ वाढवायला. ते बर्थ मी माझ्या हातांनी बसवलेत. अजून झोप लागत नाही त्या आठवणीनं.

1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस डाव्या अंगावर पडली. चढायचा दरवाजा डावीकडेच, तो खाली दबला आणि बसनं पेट घेतला. 25 माणसं गेली. वाचलेल्यांतले काही काच फोडून बाहेर आले. त्याआधी 8 ऑक्टोबर 2022 ला नाशिकमध्ये स्लीपर जळून 12 जण गेले होते. आपण चर्चा करतो ड्रायव्हरच्या डुलकीची आणि टायरची. धडकेनंतर माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हे कुणी विचारत नाही.

आता फिटनेस. गाडी 8 वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांतून एकदा, नंतर दरवर्षी. अवजड गाड्यांची तपासणी स्वयंचलित केंद्रांतच करायची सक्ती 1 एप्रिल 2023 पासून होती, ती 1 ऑक्टोबर 2024 वर ढकलली. यंत्र ब्रेक मोजेल, हेडलाइट मोजेल. दरवाजासमोरचा बर्थ माणसालाच आत चढून बघावा लागतो. अशा बस ज्यावर राज्याराज्यांत धावतात, त्या पर्यटक परवान्याचं तर 2023 च्या नियमांत असं आहे, की 7 दिवसांत निर्णय झाला नाही तर परवाना मिळाला असं धरायचं. शिवाय आपल्या रस्त्यांवर नागालँड, अरुणाचलच्या नंबर प्लेटच्या बस धावतात. ज्या आरटीओनं नोंदणी केली, त्याच्या डोळ्यांसमोर ती गाडी कधी येतच नाही.

बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. कैद झालेला मालक मी पाहिला नाही, आणि दंडाची रक्कम चार जादा बर्थ एका फेरीत भरून काढतात. माझं स्पष्ट मत आहे, की रात्री बस सुटतात त्या थांब्यांवर अचानक जाऊन आतून तपासणी झाली आणि दरवाजा अडलेली बस तिथंच अडवली, तरच हे थांबेल.

तोवर मुलाला एवढं सांगा. चढल्या चढल्या मागचा आपत्कालीन दरवाजा बघायचा, समोर बर्थ किंवा सामान असेल तर नंबर प्लेटसकट फोटो काढून आरटीओकडे तक्रार करायची आणि दुसरी बस धरायची. बर्थ खालचा घ्यायचा. काच फोडायची हातोडी कुठं अडकवलीय ते दिवे मालवायच्या आत शोधून ठेवायचं, आणि वेळ आलीच तर खिडकीच्या काचेच्या मध्यभागी नाही, कोपऱ्यावर मारायची.