आधी स्वभाव ओळखा, मग जिमची फी भरा

स्वभावाचा चार अक्षरी टाइप (उदा. INFP) काढून देणाऱ्या ऑनलाइन चाचणीवर व्यायामाचं वेळापत्रक बेतू नका. तीच चाचणी महिन्याभराने दिली की अनेकांचा टाइप बदलतो. त्यापेक्षा 'बिग फाइव्ह'मधले, म्हणजे मानसशास्त्रात स्वभाव मोजायला वापरल्या जाणाऱ्या पाच गुणांपैकी, दोन गुण तपासा: शिस्तप्रियता आणि बहिर्मुखता.

शिस्त मुळात कमी असेल तर "रोज पहाटे तासभर" हा संकल्प दुसऱ्या आठवड्यातच बारगळतो. कारण सकाळी निर्णय फार घ्यावे लागतात: कधी उठू, काय घालू, कुठे जाऊ. ते रात्रीच उरका. बूट दाराशी, मोजे बुटात, बाटली भरलेली. आणि एक खूण पक्की करा: "चहाचा कप विसळला की बूट घालायचे." सुरुवात फक्त 10 मिनिटांची, दोन आठवडे टिकलं की 5 मिनिटं वाढवा. 21 दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनमधल्या, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तिथे हळूहळू पोचा.

बोलक्या माणसांना ट्रेडमिलवर एकट्याने चालायचा कंटाळा येतो. त्यांनी बॅडमिंटन किंवा टेकडीवर जाणारा ग्रुप धरावा. फक्त एकाच जोडीदारावर विसंबू नका, तो गावाला गेला की तुमचंही बंद पडतं. अबोल असाल तर झुंबाच्या क्लासचा अट्टहास कशाला? घरी 12 सूर्यनमस्कार उत्तम.

अति शिस्तीच्या लोकांना मात्र वेगळंच जपावं लागतं. अंगात ताप असला तरी ते खाडा करत नाहीत. त्यांनी विश्रांतीचा दिवसही कॅलेंडरवर लिहून ठेवावा.