अजून ती वेळ आलेली नाही ना?

“अजून ती वेळ आलेली नाही ना, मॅडम?”

गेल्या आठवड्यात दोन वेगळ्या घरांनी मला हाच प्रश्न विचारला. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, ‘पॅलिएटिव्ह टीमला भेटावे’ एवढंच लिहिलेली. पॅलिएटिव्ह म्हणजे गंभीर आजारात दुखणं, धाप असा त्रास कमी करणारी सेवा. तिच्या घड्या पाहिल्या की कळतं, ती किती वेळा उघडली आणि किती वेळा मिटली. मूल गंभीर आजारी आहे, उपचार चालू आहेत आणि मध्येच कुणीतरी हा शब्द उच्चारला. आईबाबांना त्यात एकच ऐकू येतं: डॉक्टरांनी हात टेकले.

आजारी मुलांच्या आईबाबांशी बोलायच्या या कामात बावीस वर्षांपूर्वी आले तेव्हा मी अशा वेळी व्याख्या सांगायचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच म्हटलं आहे, की मुलांसाठीची ही सेवा निदान झालं की सुरू होते आणि आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालूच राहते. माहिती बरोबर होती. आईबाबा मान डोलवायचे, माहितीपत्रक घ्यायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. भीतीपुढे व्याख्येचं काही चालत नाही हे कळायला मला दोन-तीन वर्षं लागली. तेवढ्या काळात किती मुलं विनाकारण कळवळली असतील, याचा विचार मी अजूनही फार वेळ करू शकत नाही.

म्हणून आज एका वहीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन घरं यात मिसळली आहेत. मुलाला ‘दादा’ म्हणू, त्याची धाकटी बहीण म्हणायची तसं.

दादा अकरा वर्षांचा. मांडीच्या हाडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो झाली, वर्षभर बरं गेलं. मग फुप्फुसात गाठी आल्या आणि एक पाठीच्या मणक्यात. दुसऱ्या औषधांची केमो सुरू झाली होती, तिचा थोडाफार उपयोगही होत होता. आईबाबा माझ्याकडे आले ते वॉर्डातल्या सिस्टरने आग्रह केला म्हणून.

“आम्ही सोडून देणारी माणसं नाही,” बाबा म्हणाले. खुर्ची समोर असून ते उभेच होते. “ते लोक पोराला औषध देऊन नुसतं झोपवून ठेवतात. मला माहितीय.”

आई काहीच बोलली नाही. तिच्या मांडीवर चौकटीची वही होती. ती मी मागून घेतली. पट्टीने आखलेले रकाने: तारीख, ताप, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स, वजन, औषधाची वेळ. ताप चढलेल्या दिवशी लाल पेन. सतरा महिन्यांत एक दिवस गाळलेला नव्हता.

“यात त्याचं दुखणं कुठे लिहिता?”

“दुखणं?” तिने वही माझ्याकडून परत घेतली आणि चाळून पाहिली, जणू सापडेल. “ते डॉक्टर विचारतात ना रोज. ‘कसं वाटतंय’ म्हणतात.”

“आणि तो?”

“‘बरं’ म्हणतो.”

पॅलिएटिव्हचं नावसुद्धा मी त्या दिवशी काढलं नाही. एवढंच सांगितलं, की अजून एक रकाना आखा. त्याला नाव द्या ‘रात्र’. तो किती वेळा उठला आणि उठल्यावर काय म्हणाला, एवढंच लिहायचं. बाबांना ते पोरकट वाटलं असावं. आईने मात्र तिथेच पट्टी काढली.

ती पुन्हा आली ती अकरा रात्रींनंतर. मी म्हटलं, वाचून दाखवा. ती वाचू लागली, बिल वाचावं तशा आवाजात. सोमवार, तीन वेळा, पाणी. मंगळवार, चार वेळा, उशी बदल. बुधवार, तीन, पाणी. गुरुवार, पाच, ‘किती वाजले’. शुक्रवार, पाच...

तिथे ती थांबली. मी वाट पाहिली.

“शुक्रवारी तो म्हणाला, ‘आई, तू झोप.’”

बाबा तेव्हा खुर्चीवर बसले. “मला वाटायचं तो झोपतो,” ते म्हणाले. “मी बाहेरच्या खोलीत असतो.”

आमच्या कामात अशा वेळी बोलायचा मोह फार होतो. मी तो आवरला, आणि खरं सांगायचं तर याचा मला आजही थोडा अभिमान आहे. बऱ्याच वेळाने मी एकच गोष्ट दाखवली: अकरा रात्रींत ‘दुखतंय’ हा शब्द एकदाही आलेला नाही.

“तो बोललाच नाही,” आई म्हणाली.

“पाच वेळा उठणारा मुलगा ते का बोलत नसेल?”

याचं उत्तर दादानेच दिलं, दोन दिवसांनी. मी त्याच्या खाटेशी बसले होते. तो मोबाइलवर कसलीशी गाडी पळवत होता आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “दुखतंय म्हटलं की बाबा बाहेर जातात. आई वही काढते. आणि मग ॲडमिट.” गाडी आपटली. “म्हणून नाही म्हणत.”

मी ज्या पद्धतीत शिकले, तिच्यात अडचण कुणा एका माणसात शोधत नाहीत, माणसामाणसांच्या मधल्या जागेत शोधतात. या घरात तीन माणसं एकमेकांना सांभाळत होती आणि त्या सांभाळण्याच्या खाली एक मुलगा रात्रभर जागा होता. हे काही याच घरापुरतं नाही. मायरा ब्लूबॉन्ड-लँगनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या लहान मुलांचा वॉर्डात राहून अभ्यास केला होता. कुणी काही न सांगताही मुलांना आपलं काय चाललंय ते कळलेलं होतं. मुलं ते लपवत होती, कारण मोठ्यांना ते झेपणार नाही असं त्यांना वाटायचं.

त्या दिवशी मला एक उमगलं, आणि तेव्हापासून माझं काम बदललं. ‘ती वेळ आलीय का’ या प्रश्नात वेळ म्हणजे शेवट असतो. तो प्रश्न विचारला की दार बंदच होतं, कारण कुठले आईबाप ‘आली’ म्हणतील? मी आता विचारते, काल रात्र कशी गेली. त्याला उत्तर असतं. आणि ते उत्तर वाईट असेल तर टीमला बोलवायची वेळ कालच येऊन गेलेली असते.

पॅलिएटिव्हच्या डॉक्टर आल्या, त्यांनी वही मागितली आणि आधी शेवटचा रकाना वाचला. दुखण्यावर मॉर्फीनचं सिरप, वजनाप्रमाणे, घड्याळ लावून ठरलेल्या वेळी. मध्येच कळ आली तर द्यायचा जादा डोस वेगळा लिहून दिला. पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून, कारण मॉर्फीनने बद्धकोष्ठ होतंच. आणि मणक्यातल्या गाठीला, दुखणं कमी व्हावं म्हणून रेडिएशन.

“रेडिएशन?” बाबा म्हणाले. “म्हणजे हे लोक उपचारपण करतात?”

केमोही चालूच राहिली. पहिले दोन दिवस दादा खूप झोपला आणि बाबांनी मला तीन फोन केले, ‘बघा, मी म्हटलं होतं ना’ या सुरात. मॉर्फीन नव्याने सुरू झालं की थोडे दिवस गुंगी येते, ती बहुधा ओसरते. त्यात अनेक रात्रींची झोप थकलेली असते, मूल ती भरून काढतं. चौथ्या दिवशी तो बहिणीशी भांडला. त्या रात्रीच्या रकान्यात आईने लिहिलं: ‘एकदा. शू.’

आता जे प्रश्न मला सगळीकडे ऐकू येतात, त्यांबद्दल थोडं.

मॉर्फीनची सवय लागेल का? दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून दिलेल्या मॉर्फीनने मूल व्यसनी होण्याचा धोका फार कमी असतो. शरीराला त्याची सवय होते हे खरं, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं. डोस वाढवावा लागला तर बहुतेक वेळा दुखणं वाढलेलं असतं. मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या जागतिक यादीत मॉर्फीन आहे, आणि तरी जगात ज्यांना त्याची गरज आहे अशा बहुसंख्य मुलांना ते मिळत नाही. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशोब मांडला होता: दर वर्षी सुमारे २५ लाख मुलं गंभीर यातना सोसत मरतात आणि त्यांतली ९८ टक्क्यांहून जास्त गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. औषध स्वस्त आहे. अडतं ते भीती, कागदपत्रं आणि ‘अजून वेळ आली नाही’ यांवर.

हॉस्पिसमध्ये, म्हणजे गंभीर आजारी माणसांची अशी काळजी घेणाऱ्या जागी, गेलं की मूल परत येत नाही का? फक्त मुलांसाठीचं पहिलं हॉस्पिस ऑक्सफर्डमध्ये १९८२ साली सुरू झालं, हेलन हाउस. सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका या ननची एका आजारी मुलीच्या आईवडिलांशी मैत्री झाली, त्या तिला मधूनमधून आपल्याकडे ठेवून घ्यायच्या म्हणजे घरच्यांना झोप मिळेल, आणि त्यातून ही कल्पना निघाली. मुळात ती जागा विसाव्याची. तिथे मुलं चार दिवस राहतात आणि घरी जातात, पुन्हा येतात. काहींचं हे वर्षानुवर्षं चालतं, कारण मुलांचे सगळे गंभीर आजार कॅन्सरसारखे नसतात. स्नायूंचे, मेंदूचे, जन्मजात आजार दहा-पंधरा वर्षं चालतात.

“उपचार हवेत की पॅलिएटिव्ह, एक काय ते ठरवा,” असं कुणी म्हणालं तर? तर शांतपणे विचारायचं, की दोन्ही एकत्र का नाही. अमेरिकेत सरकारी विम्यावरच्या मुलांना हॉस्पिस हवं तर उपचार सोडावे लागायचे. २०१० च्या आरोग्य कायद्याने मुलांपुरती ती अट काढली. म्हणजे ती अट माणसांनी घातलेली होती, आजाराने नव्हे. तुमच्या डॉक्टरांना हे तीन प्रश्न लिहून न्या: दुखणं, धाप आणि झोप यांकडे नेमकं कोण बघणार? रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा? आणि हे घरी करता येईल का? यांची उत्तरं नसतील तर तुम्हीच पॅलिएटिव्ह टीमची भेट मागा. मागितल्याने डॉक्टर रागावतात हा समज मी सोडून दिला आहे. बरेचदा त्यांनाच विषय कसा काढावा ते कळत नसतं, आणि आईबापांनी काढला की ते सुटकेचा श्वास टाकतात.

सेवा मिळाली तरी ती टिकवावी लागते, याबद्दल फार कुणी बोलत नाही. बाटली पाव उरली की नवी चिठ्ठी घ्या, संपायची वाट पाहू नका. सुट्ट्या येणार असतील तर त्याच्याही आधी. टीमकडून एक पान लिहून घ्या: आजार कुठला, कोणती औषधं, कळ आली तर काय द्यायचं, आम्हाला काय हवं आणि काय नको. ते कपाटात ठेवायचं नाही, दारामागे लावायचं. रात्री अनोळखी डॉक्टर समोर येतो तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटणार नाही, पान बोलेल. आणि मूल अठराकडे झुकत असेल तर मोठ्यांच्या विभागात आपलं कोण, हे वर्षभर आधी विचारा. मुलांच्या टीमने निरोप दिला आणि पलीकडे कुणीच नाही, असं मी पाहिलं आहे.

मुलाला सांगायचं का? मी जबरदस्तीच्या विरुद्ध आहे. मूल विषयाला हात घालतं, बहुधा आडून, बहुधा गाडीत किंवा दिवा मालवल्यावर. तेव्हा ‘असं नको बोलूस’ म्हणून ते झाकू नका, एवढंच. स्वीडनमध्ये कॅन्सरने मूल गमावलेल्या ४२९ आईवडिलांची उत्तरं २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. १४७ जण मुलाशी मृत्यूबद्दल बोलले होते, त्यांतल्या एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्यांपैकी २७ टक्क्यांना होता.

दादाने विषय काढला तो बाबांकडे. बाबा तोवर आत झोपायला लागले होते, खाटेच्या खाली सतरंजी टाकून. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

केमो आणखी चार महिने चालली, मग तिचा उपयोग थांबला. ती बंद करताना घरात नवीन माणूस आणावा लागला नाही. डॉक्टर त्याच होत्या, सिस्टर तीच, सिरपची बाटली तीच. दादा त्यानंतर दहा आठवडे होता, घरी.

आई नंतर एकदा वही घेऊन आली. शेवटच्या पानांवर ‘रात्र’चा रकाना वेगळ्या अक्षरात होता. तो स्वतःच लिहायला लागला होता. एका ठिकाणी लिहिलंय: ‘० वेळा. बाबा घोरले.’

बाबा आले नाहीत. त्यांनी फोन केला, महिन्याभराने. बाटलीत मॉर्फीन थोडं उरलंय, ते फेकायचं नाही असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, मग परत कुठे द्यायचं? त्याचं उत्तर एका वाक्याचं होतं. फोन पाऊण तास चालला.